कोपरा वेगळा, कव्हर वेगळं. नुसती डोकी मोजू नका

कबड्डीत चढाई म्हणजे काय हे कोकणात कुणाला समजवायला नको. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत रात्रीच्या सामन्यांना येणारं शाळकरी पोरही सांगेल, की समोर सहा किंवा सात जण असतील तरच बोनस, म्हणजे बोनसरेषा ओलांडल्याचा जादा गुण. पण प्रो कबड्डीचा लिलाव झाला की हीच मंडळी म्हणतात, "आठ डिफेंडर घेतलेत, बचाव भक्कम!" अहो, आठांत कोपऱ्याचे, म्हणजे फळीच्या दोन टोकांना उभे राहणारे किती आणि कव्हरचे, म्हणजे आतल्या बाजूचे किती?

कोपरारक्षकाचं गिऱ्हाईक म्हणजे चढाईपटूचा पाय. पाय बोनसला पुढे आला किंवा गडी परतायला वळला, की घोटा धरायचा. अंगावर येणाऱ्यावर आधीच झेपावला तर आयता गुण गेला. मध्यरक्षक, म्हणजे आपला कव्हरवाला, मुख्यतः अंगाने खेळतो: मध्यरेषेची वाट अडवायची, नाहीतर धक्का देऊन बाहेर काढायचं. फझल अत्राचली डाव्या कोपऱ्याचा, सुरजीत सिंग उजव्या कव्हरचा. दोघांच्या पकडींचे गुण एका तक्त्यात लावून 'मोठा कोण' विचारणं म्हणजे यष्टिरक्षकाची तुलना स्लिपवाल्याशी करणं.

अदलाबदल केली की काय होतं? कव्हरवाला कोपऱ्यात गेला की सवयीने छातीवर जातो आणि पाय निसटतो. कोपऱ्याचा माणूस कव्हरला आला की लवकर वाकतो आणि चढाईपटू वरून उडी मारून जातो. डावं-उजवं बदलताना पुढचा पाय आणि धरणारा हात बदलतो. त्रास होतो, पण सरावाने जमतं.

आता राखीव फळी. बाद झालेल्या खेळाडूच्या जागी बाकावरचा उतरवता येत नाही. डावा कोपरा बाद झाला की उरलेल्या सहांतूनच कुणीतरी तिथे उभं राहायचं, आणि परत येताना ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने यायचं. बोनसच्या गुणाने तर कुणीच जिवंत होत नाही. म्हणून बाकावर चार कोपरारक्षक असले तरी ते दुखापतीला किंवा फॉर्म गेल्यावर उपयोगी; चालू चढाईत नाहीत. कव्हरवाल्याला कोपऱ्यात सरकवणारे प्रशिक्षक मला पटत नाहीत, एक भोक बुजवायला दोन भोकं पाडायची. कोपऱ्याला लागून 'इन'ला उभा असलेला अष्टपैलू सरकवा. घोटा धरणारा अष्टपैलू मी दोन नामांकित चढाईपटूंपेक्षा आधी घेईन.

संघ तपासायचा तर कागदावर चार जागा लिहा: डावा-उजवा कोपरा, डावं-उजवं कव्हर. प्रत्येकीसमोर दोन नावं: बाकावरून कोण, आणि सातांतूनच कोण सरकेल. मग पकडीचे गुण नव्हे, प्रयत्नांपैकी यशस्वी किती ते बघा. तीन किंवा कमी गडी असताना केलेल्या अव्वल पकडीला दोन गुण मिळतात, त्यामुळे वारंवार लोनाच्या, म्हणजे सगळा संघ बाद होण्याच्या, दारात उभ्या असलेल्या संघाचा डिफेंडरही तक्त्यात वर दिसतो.