फलन, प्राण्यांतील

फलन : नराचा शुक्राणू आणि मादीची अंडपेशी यांच्या संयोगातून एकच नवी पेशी तयार होण्याची क्रिया. या पेशीला युग्मनज म्हणतात. तिचे पुन्हा पुन्हा विभाजन होऊन भ्रूण व पुढे संपूर्ण प्राणी घडतो. काही ग्रंथांत ‘निषेचन’ अशी संज्ञा येते; शालेय पुस्तकांत ‘फलन’ हीच रूढ आहे.

शुक्राणू वृषणात व अंडपेशी अंडाशयात तयार होतात. त्या घडताना होणाऱ्या अर्धगुणसूत्री विभाजनामुळे गुणसूत्रांची (आनुवंशिक गुण वाहून नेणाऱ्या पेशीतील धाग्यांची) संख्या निम्मी होते. माणसाच्या शरीरपेशीत ४६ गुणसूत्रे असतात, शुक्राणूत व अंडपेशीत प्रत्येकी २३. फलनाने ती पुन्हा ४६ होतात. शुक्राणू लहान व शेपटीच्या साहाय्याने पोहणारा असतो. अंडपेशी त्याच्या मानाने फार मोठी व स्वतः न हलणारी असून तिच्यात भ्रूणासाठी अन्नसाठा असतो. मानवी अंडपेशीचा व्यास सुमारे ०.१ मिमी. असतो.

शुक्राणूच्या डोक्याच्या टोकाशी एक पिशवी असते. तिच्यातील एंझाइमे अंडपेशीभोवतीचे आवरण विरघळवून वाट करून देतात. एक शुक्राणू आत शिरताच इतरांना अटकाव होतो, कारण दोन शिरले तर गुणसूत्रांचा मेळ बिघडून भ्रूण जगत नाही. समुद्री अर्चिन या काटेरी, गोलसर प्राण्याच्या अंड्यात हा अटकाव दोन टप्प्यांत होतो. काही सेकंदांत पटलावरील विद्युत्‌भार बदलतो आणि साधारण मिनिटभरात अंड्याभोवती वेगळे कवच उचलले जाते. साध्या सूक्ष्मदर्शकातूनही हे कवच दिसते.

शोधाचा इतिहास : गर्भ दोन घटकांपासून होतो ही कल्पना जुनी आहे. चरक व सुश्रुत संहितांत शुक्र (वीर्य) आणि शोणित (रक्त) यांच्या संयोगाचा उल्लेख येतो. या संहितांचे आजचे पाठ अनेक संस्करणांतून आलेले असल्याने त्यांचा निश्चित काळ सांगणे कठीण आहे. शोणित म्हणजे अंडपेशी असा अर्थ काही आधुनिक लेखक लावतात, पण तो ओढूनताणून लावलेला वाटतो. सूक्ष्मदर्शकापूर्वी पेशीची कल्पना कोठेच नव्हती.

डच निरीक्षक लेव्हेनहूक यांनी १६७७ मध्ये वीर्यातील हालणारे जीव लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. मात्र त्यांचे कार्य काय, याविषयी पुढे दीडशे वर्षे एकमत झाले नाही. काहींच्या मते सबंध प्राणी सूक्ष्म रूपात शुक्राणूत असे, तर काहींच्या मते अंड्यात. इटलीचे स्पॅलँझानी दुसऱ्या पक्षाचे. त्यांनी नर बेडकांना तलम कापडाच्या चड्ड्या घालून वीर्य अंड्यांपर्यंत पोहोचू दिले नाही, तेव्हा अंडी फळली नाहीत. चड्डीत साठलेले वीर्य अंड्यांना लावल्यावर मात्र ती फळली. पुढे त्यांनी वीर्य कागदातून गाळले. जितके अधिक गाळावे तितकी खाली उतरलेल्या द्रवाची शक्ती कमी होई, आणि कागदावर उरलेल्या गाळात ती टिके. इतका स्पष्ट पुरावा हाती असताना त्यांनी शुक्राणूंना श्रेय दिले नाही. आधीचे मत निरीक्षणाला कसे झाकून टाकते, याचे जीवशास्त्रातील हे ठळक उदाहरण आहे. प्रेव्हो व द्यूमा यांनी १८२४ मध्ये गाळण्याचे प्रयोग पुन्हा केले आणि शुक्राणू आवश्यक असल्याचा निष्कर्ष काढला. सस्तन प्राण्याची अंडपेशी फॉन बेअर यांना कुत्रीच्या अंडाशयात सापडली ती १८२७ मध्ये.

प्रत्यक्ष फलन प्रथम कोणी पाहिले, याबद्दल ग्रंथांत फरक आढळतो. बहुतेक पाठ्यपुस्तके ओस्कार हेर्टविख यांचे नाव देतात. भूमध्य समुद्रातील अर्चिनची पारदर्शक अंडी तपासताना अंड्यात दोन केंद्रके जवळ येऊन एक झालेली त्यांना दिसली. त्यांपैकी एक शुक्राणूचे असले पाहिजे, असे त्यांनी १८७६ मध्ये मांडले; शुक्राणू आत शिरताना मात्र त्यांना दिसला नव्हता. ते दृश्य तारामाशाच्या अंड्यात पाहिले स्वित्झर्लंडच्या हेर्मान फोल यांनी, आणि फलनाला एकच शुक्राणू पुरतो हेही दाखवले. श्रेय एकालाच देण्यापेक्षा शुक्राणूचा प्रवेश आणि केंद्रकांचा संयोग या दोन वेगळ्या घटना होत्या व त्या दोघांनी पाहिल्या, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. घोड्याच्या आतड्यातील जंतावर काम करून व्हान बेनेडेन यांनी १८८३ मध्ये आई व बाप यांच्याकडून सारख्याच संख्येने गुणसूत्रे येतात असे दाखवले.

बाह्य फलन : बहुतेक मासे व बेडूक यांत अंडी व शुक्राणू पाण्यात सोडले जातात व फलन शरीराबाहेर होते. बरीच अंडी वाया जात असल्याने ती मोठ्या संख्येने घातली जातात. कोकणात पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध वर चढणारे ‘चढणीचे मासे’ किंवा ‘वलगण’ परिचित आहेत. हे मासे अंडी घालण्यासाठीच चढतात. अंड्यांनी भरलेली मादी याच वेळी सहज पकडली जाते, आणि तिच्याबरोबर पुढची पिढीही जाते. महाराष्ट्राच्या सागरी पट्ट्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, तिच्यामागे हेही एक कारण आहे.

रोहू, कटला व मृगळ हे कार्प गटातील मासे पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात, साठलेल्या तळ्यात सहसा नाही. हीरालाल चौधुरी यांनी १९५७ मध्ये ओडिशात माशाच्या मेंदूखालील पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून भारतीय कार्प माशांना अंडी घालायला लावले. मत्स्यबीज नदीतून गोळा करण्याऐवजी केंद्रात तयार करणे त्यामुळे शक्य झाले.

बेडकांत नर सामान्यतः मादीला पाठीवरून घट्ट धरतो व अंडी बाहेर पडताना त्यांवर वीर्य सोडतो. सह्याद्रीतील मुंबई रातबेडकाची रीत वेगळी असल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदले आहे. यात नर मादीला न धरता तिच्या पाठीवर वीर्य सोडून निघून जातो. मादी नंतर अंडी घालते व वीर्य ओघळून त्यांवर येते.

आंतर फलन : सरीसृप, पक्षी, सस्तन प्राणी व बहुतेक कीटकांत फलन मादीच्या शरीरात होते. मानवात ते अंडवाहिनीत होते. पक्ष्यांत व पुष्कळ सरीसृपांत त्यानंतर अंड्यावर कवच चढते. वेळासच्या किनाऱ्यावर कासवे जी अंडी वाळूत पुरतात, ती आधीच फळलेली असतात.

गांडूळ उभयलिंगी असले तरी सहसा दोन गांडुळे शुक्राणूंची देवाणघेवाण करतात. फलनाविना अंड्यापासून जीव होण्याला अनिषेकजनन म्हणतात. मधमाशीची राणी शुक्राणू शरीरातील पिशवीत साठवून ठेवते. फळलेल्या अंड्यांपासून कामकरी माश्या व राण्या होतात, न फळलेल्यांपासून नर. मादीत ३२ गुणसूत्रे असतात, नरात १६.