तार एकच, मग आवाज तीन कसे? गिटारच्या पिकअपची गोष्ट

अंगणातली कपडे वाळत घालायची दोरी मधोमध ओढून सोडा, मधे वीतभर हलते आणि खुंटीपाशी बोटभरसुद्धा नाही. इलेक्ट्रिक गिटारच्या टोनचं अर्धं गणित या दोरीतच आहे. भाचा जळगावला कॉलेजात आहे, ऑर्केस्ट्रात वाजवतो, गणपतीच्या आधी म्हणे मामा आवाज लई किनरा येतोय, नवीन पिकअप टाकायचे. म्हटलं थांब, आधी असलेले पिकअप ऐकतात काय ते तर बघू.

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे 7-8 हजार वेढे. वरची स्टीलची तार चुंबकाजवळ असल्याने स्वतःही थोडी चुंबक होते, ती थरथरली की वेढ्यांमधलं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वीज तयार होते, 1831 मध्ये फॅरडेने दाखवलं तेच हे, सायकलचा डायनामोही त्यावरच चालायचा. म्हणून नायलॉनची तार चढवली तर पिकअप मुका.

आता खरी गंमत. पिकअप अख्खी तार ऐकतच नाही, डोक्यावर जेवढा तुकडा आहे तेवढाच ऐकतो. भाच्याची गिटार फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर पद्धतीची, म्हणजे तीन पिकअपची, तारेची लांबी 648 मिमी. ब्रिज म्हणजे गिटारच्या अंगावर तार जिथे टेकते ती पट्टी; ब्रिजकडचा पिकअप तिथून साधारण 4 सेमीवर, म्हणजे आपल्या दोरीच्या खुंटीपाशी, तिथे मूळ सुराचा झोका मधल्या झोक्याच्या जेमतेम पाचवा हिस्सा. नेककडचा, म्हणजे गिटारच्या मानेकडचा, 16 सेमीवर, तिथे तोच झोका 70 टक्के. ब्रिजपाशी मूळ सूर असा आखडतो पण वरचे बारीक सूर तेवढे आखडत नाहीत, त्यामुळे आवाज धारदार, किनरा. नेकवर भरदार, गोल.

हे वरचे सूर म्हणजे तंबोऱ्यात न छेडता ऐकू येणारा स्वयंभू गंधार असतो ना, त्याच जातीचे. घरी करून बघा: पाचव्या फ्रेटच्या (मानेवरची धातूची आडवी पट्टी) बरोब्बर वर तारेला नुसतं बोट टेकवून छेडा, मग बोट उचला, चौथा हार्मोनिक, म्हणजे मूळ सुराच्या चौपट वेगाने थरथरणारा वरचा सूर, घंटीसारखा वाजतो. आता पिकअप निवडायचा स्विच ब्रिजवरून नेकवर न्या. घंटी जवळजवळ गायब! कारण 16 सेमी म्हणजे लांबीचा पाव भाग, आणि चौथ्या हार्मोनिकमध्ये तार तिथे हलतच नाही. तार हलतेय, कानाला बारीक ऐकू येतेय, पण पिकअप नेमका शांत जागेखाली बसलाय. भाच्याने हे चार-पाच वेळा केलं, शेजारचा दोस्त ओरडला, "आवाज बदली गया ना भो!" बाराव्या फ्रेटवर तार दाबली तर तोच पिकअप उरलेल्या तारेच्या मधोमध येतो, सम हार्मोनिक सगळे गळतात, म्हणून उंच पट्टीत नेक पिकअप बासरीसारखा लागतो.

जागेनंतर जात. सिंगल कॉइल, म्हणजे वेढ्यांचं एकच गुंडाळं असलेला पिकअप, मोकळा, खणखणीत, पण विजेची 50 हर्ट्झची घरघर अँटेनासारखी पकडतो, मांडवात ट्यूबलाइटा आणि जनरेटर असले की विचारूच नका. त्यावर 1955 मध्ये गिब्सन या गिटार कंपनीतल्या सेथ लव्हरने हमबकर काढला: दोन कॉइल, वेढे उलट आणि चुंबकही उलट, त्यामुळे घरघर एकमेकीला खाते आणि तारेचा आवाज मात्र जोडला जातो. पण दोन कॉइल दोन जागा ऐकतात, शिवाय वेढे जास्त, म्हणून वरचे सूर थोडे मरतात आणि आवाज जाड होतो. मला वैयक्तिक सिंगल कॉइलच आवडतो, घरघरीसकट.

किनरेपणावर आम्ही स्क्रूड्रायव्हरच चालवला. ब्रिजचा पिकअप तारेच्या फार जवळ होता, तो थोडा खाली घेतला (फार जवळ असला की चुंबक तार ओढतो आणि सूरसुद्धा डगमगतो), वरचे सूर कमी करणारं टोनचं बटण जरा मागे फिरवलं, आणि संथ गाण्यांना नेक आणि मधला मिळून वापरायचं ठरलं. हा जोड आधी स्विच दोन खाचांमध्ये अडकवून वाजवणारे स्वतःच काढायचे, मग 1977 पासून पाच खाचांचा स्विच कंपनीतूनच यायला लागला. भाच्याच्या गिटारला तो होताच, चौथ्या खाचेवर त्याने कधी हातच नेला नव्हता. विसर्जनापर्यंत तो तिथेच होता.