पटावरचा डाव आणि पुस्तकावरचं मत

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या मराठी घरांत सुट्टीच्या दुपारी वाद रंगतो तो बहुतेकदा दोन गोष्टींवरून. एक, नुकतीच वाचून झालेली कादंबरी. दुसरी, जेवणं आटोपल्यावर मांडलेला पट. दोन्हींत घरातली लहानथोर सगळी उतरतात. इतिहास मात्र दोन्हींचा सारखा नाही. पुस्तकाला इथं वाचनालय मिळालं, संमेलनं मिळाली, बोलायला व्यासपीठ मिळालं. पटाला मिळाला तो घरातला सोपा, म्हणजे ओसरी.

कादंबरीचं आधी. बाबा पदमनजी १८३१ साली बेळगावात जन्मले. त्यांचं ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली छापलं गेलं. मराठीतली पहिली स्वतंत्र कादंबरी म्हणून आज तिचंच नाव घेतात. विधवांचे हाल हा तिचा विषय, म्हणजे ती वाचून गप्प बसण्यासारखी नव्हतीच; वाचणाऱ्यानं बाजू घ्यावी म्हणूनच ती लिहिली होती. त्याआधीच, १८४८ साली, बेळगावात सार्वजनिक वाचनालय उभं राहिलं होतं. मराठी कादंबरीच्या उगमाशी आपल्या गावाचं नाव आहे, हे इथल्या प्रत्येक शाळकरी पोराला ठाऊक असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

पुढं १९२९ मध्ये शिवराम महादेव परांजपे यांच्या अध्यक्षतेखाली बेळगावात साहित्य संमेलन झालं. १९४६ मध्ये ते पुन्हा इथंच भरलं, अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव याच संमेलनात झाला. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, हा भाग त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला आणि मराठी पुस्तक हातात धरण्याला वेगळं वजन आलं. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमानी अशा गावांतून आजही संमेलनं भरतात. सकाळी ग्रंथदिंडी, मग भाषणं, कथाकथन, कविसंमेलन. पोटाला चिमटा काढून गावानं उभा केलेला हा संसार आहे, त्याचं मोल मोठं आहे. पण एक सवयही त्यातून लागली: पुस्तक मराठी आहे ना, मग चांगलंच म्हणायचं. वेढ्यातल्या माणसाला असं वाटणं साहजिक आहे. कादंबरीवर खरं बोलणं मात्र त्यानं अडून राहिलं.

ते सुटायला मदत झाली ती जवळच्याच लेखकांची. बेळगावच्या शेजारी, चंदगड तालुक्यातल्या कोवाडचे रणजित देसाई. त्यांची ‘स्वामी’ १९६२ सालची. निपाणीचे महादेव मोरे पिठाची गिरणी चालवत लिहीत राहिले आणि तंबाखूच्या वखारीतल्या बायांचं जिणं त्यांनी कागदावर आणलं. आपलं गाव, आपली बोली पुस्तकात आली की वाचणारा आपोआप धीट होतो. ‘असं कुठं असतंय?’ किंवा ‘अगदी हेच हो!’ हे म्हणायला त्याला समीक्षक व्हावं लागत नाही. अलीकडचंच बघा. साहित्य अकादमीचा पुरस्कार २०२२ मध्ये सावंतवाडीच्या प्रवीण बांदेकरांच्या कादंबरीला मिळाला, २०२३ मध्ये कोल्हापूरकडच्या कृष्णात खोतांच्या ‘रिंगाण’ला. ‘रिंगाण’मध्ये धरणापायी उठलेलं गाव आहे, मागं राहिलेली म्हैस आहे. हिडकल धरणात घटप्रभेकाठची गावं गेली. या जिल्ह्यातला वाचक ती कादंबरी वाचून मत देतो तेव्हा त्यात ऐकीव काही नसतं.

आता पट. लेखी उल्लेख शोधायला लागलं तर फार मागं जाता येतं. कल्याणीच्या चालुक्यांपैकी सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त बुद्धिबळ, फासे, कवड्यांचे खेळ आले आहेत. म्हैसूरच्या तिसऱ्या कृष्णराज वडेयरांनाही पटाच्या खेळांचा मोठा नाद होता. पण आपल्या घरातला डाव राजवाड्यातून उतरलेला नाही. तो शहाबादी फरशीवर खडूनं किंवा कोळशानं आखलेला असतो. चल्लस आठ घ्या. पाच बाय पाचची पंचवीस घरं, चार बाजूंच्या मधल्या घरांत आणि अगदी मधोमध फुल्या. चिंचोके एका अंगानं पाणी लावून दगडावर घासायचे, पांढरं पोट दिसेपर्यंत. असे चार. चारही पांढरे पडले तर चार, चारही काळे पडले तर आठ, आणि दोन्ही वेळा पुन्हा हात. सोंगट्या म्हणून बांगडीचे तुकडे, मक्याचे दाणे, खडे, जे हाताशी असेल ते. बाहेरच्या रांगेतून घड्याळाच्या उलट फिरायचं, आत शिरलं की सुलट. पण एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आत जायला मिळत नाही. इथंच आवाज चढतात. ‘आक्का, तुमची मेली की!’ ‘फुलीवर हाय ती, मरत न्हाई, बघ नीट!’ शेजारच्या कन्नड घरात हाच खेळ चौकाबारा म्हणून चालतो, त्यामुळं पोरं एका सोप्यावरून दुसऱ्या सोप्यावर सहज जाऊन बसतात. कादंबरीला हे साधलं नाही.

छापील पट नंतर आले. लुडोचं पेटंट इंग्लंडमध्ये १८९६ साली घेतलं गेलं, मूळ आपल्या पचिशीचं. सापशिडीच्या मागं मोक्षपट आहे. परंपरा तो ज्ञानेश्वरांच्या नावावर लावते. ‘व्यापार’ हा अमेरिकेतल्या मोनोपोलीचा भारतीय अवतार, आणि तिच्याही आधी १९०४ साली लिझी मॅगी या बाईनं जमीनदारीचे तोटे दाखवायला पेटंट घेतलेला खेळ होता. १९९५ साली जर्मनीत निघालेल्या कॅटानसारखे नवे डाव आता पुण्या-बेंगळुरूला नोकरी करणारी मुलं दिवाळीला घरी आणतात. लाकूड, विटा, मेंढ्या, गहू यांची अदलाबदल करताना आजी नातवाला हातोहात गुंडाळते, हे बघण्यासारखं असतं.

नव्या खेळाच्या डब्यात नियमांची पुस्तिका येते, म्हणून त्यावर पुस्तकासारखं मत देता येतं: कुठं रेंगाळतो, कुठं नशिबावर फार सोडतो. जुन्या डावाचे नियम आजी-काकूंच्या तोंडी आहेत आणि घरोघरी वेगळे आहेत. ते उतरवून घ्यायचं काम वाचनालयांनी आणि गावच्या संमेलनांनी हाती घ्यावं. आठ पडल्यावर पुन्हा हात मिळतो का, फुलीवर दोघांच्या सोंगट्या बसतात का, जोड मारता येते का, इथपासून सुरुवात करता येईल.