गोठणे गावचा 3 किलोमीटर खोल बोअर

"एवढं खाली गेले, पाणी तरी लागलं का?" पाटण खोऱ्यात गोठणे गावच्या बोअरचा विषय निघाला की एखादे आजोबा हमखास विचारतात. शेतातला बोअर तीन-चारशे फुटांवर थांबतो. भूकंप-संशोधनासाठी मारलेला हा बोअर 2017 साली 3 किलोमीटरवर, म्हणजे जवळपास दहा हजार फुटांवर पोचला. त्यावरून पुढच्या धक्क्याची तारीख सांगता येत नाही. मग पैसा कशाला घालवला, हा सवाल रास्तच आहे.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त झालं. तीव्रता 6.3, मृत्यू सुमारे 200. दख्खनचं पठार भक्कम, इथे कसले भूकंप, अशी तोवरची समजूत. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय भरू लागल्यापासून धक्के जाणवत होते, तरी धरणाशी त्यांचं नातं मानायला बरेच तज्ज्ञ तयार नव्हते. त्यांचं गणित चुकीचं नव्हतं. 100 मीटर पाण्याचा दाब हवेच्या दाबाच्या दहापट. पाच किलोमीटर खाली वरच्या खडकाचाच दाब हवेच्या दाबाच्या हजारपटीहून जास्त. एवढ्याशा भाराने काय हलणार?

पण भारापेक्षा महत्त्वाचं ठरलं ते भेगांत मुरणारं पाणी. खडकात ताण आधीच साचलेला असतो. भेगेच्या दोन्ही बाजू एकमेकींवर घट्ट दाबलेल्या, म्हणून त्या जागच्या जागी राहतात. आतल्या पाण्याचा दाब वाढला की ही पकड सैल होते आणि खडक सरकतो. ताण धरणाने निर्माण केलेला नसतो. पाणी फक्त त्याला वाट करून देतं. पावसाळ्यात जलाशय भरला की कोयनेत धक्के वाढतात. 1993 नंतर, वारणेचं धरण भरल्यावर, ते दक्षिणेला चांदोलीच्या बाजूलाही पसरले. मला हा पुरावा फार मोलाचा वाटतो.

या वादातून हाताला लागलेलं थोडं नाही. तडे गेलेलं कोयना धरण मजबूत केलं गेलं, भूकंप नकाशात हा भाग चौथ्या, म्हणजे जास्त धोक्याच्या विभागात आला. तरी धक्के उगम पावतात त्या खडकाबद्दल सगळे अंदाज जमिनीवरूनच बांधले जात होते. गोठण्यात सव्वा किलोमीटरच्या आसपास काळा कातळ संपला आणि खाली ग्रॅनाइट लागला. इथले बहुतेक धक्के त्याच ग्रॅनाइटच्या पोटात होतात. आता त्याचे नमुने हातात आले, तिथली उष्णता आणि ताण मोजता आला.

आजोबांचा प्रश्न नेमका तोच आहे, ज्यासाठी हा बोअर मारला: पाणी तिथवर पोचतं का, आणि कोणत्या वाटेने? त्याची मोजमापं मराठीत, पाटण-शिराळ्याच्या गावोगावच्या ग्रामपंचायतींत लागली पाहिजेत. रात्री भांडी वाजली की दार उघडून अंगणात धावणारी माणसं तिथलीच आहेत.