देयक माध्यमाची निवड

वस्तू किंवा सेवेचे पैसे चुकते करताना ग्राहक रोख रक्कम, डेबिट वा क्रेडिट कार्ड आणि मोबाइल-इंटरनेटवरून होणारे इलेक्ट्रॉनिक हस्तांतरण यांतले जे साधन वापरतो, त्या निर्णयाला देयक माध्यमाची निवड म्हणतात. चलनविषयक अर्थशास्त्र आणि ग्राहकवर्तन या दोन्ही शाखांत हा विषय अभ्यासला जातो. ‘निवड’ हा शब्द इथे थोडा फसवा आहे. गल्ल्यापुढे उभा राहिलेला ग्राहक तीन पर्याय क्वचितच तोलत बसतो. पाकिटात काय आहे, समोरचा काय स्वीकारतो आणि हाताला कशाची सवय आहे, यावर निकाल बहुधा आधीच लागलेला असतो.

या प्रश्नाची सैद्धांतिक मांडणी प्रथम रोकडीपुरतीच झाली. विल्यम बोमोल (१९५२) आणि जेम्स टोबिन (१९५६) या अर्थशास्त्रज्ञांनी खिशातल्या पैशाकडे गोदामातल्या मालासारखे पाहिले. रोकड जास्त बाळगली तर व्याज बुडते. कमी बाळगली तर बँकेच्या फेऱ्या वाढतात. या दोन तोट्यांची बेरीज सर्वांत कमी जिथे होते, तितकी रोकड माणूस जवळ ठेवतो. त्यातून निघालेला वर्गमूळाचा नियम असा की खर्च चौपट झाला, तरी हाताशी ठेवायची रक्कम दुप्पटच होते. पुढे विल्यम व्हाइटसेल यांनी १९८९ मध्ये खात्यातून थेट पैसे देण्याची सोय या हिशेबात आणली. रोख देण्याचा त्रास रकमेबरोबर वाढतो. मोठी रक्कम बाळगायची म्हणजे जोखीम आणि मोजणीही आली. खात्यातून पैसे देताना मात्र दर व्यवहारामागे काही ठरावीक खटाटोप असतो, मग रक्कम कितीही असो. म्हणून एका मर्यादेखाली रोख आणि तिच्या वर खात्यातून पैसे देणे सोयीचे ठरते. पिन न टाकता नुसते टेकवायचे कार्ड आणि क्यूआर कोड यांनी हा ठरावीक खटाटोपच जवळजवळ संपवला, त्यामुळे ती मर्यादा झपाट्याने खाली आली.

लोक प्रत्यक्षात काय करतात, हे शोधायला रोजनिशीची पद्धत वापरतात. महिन्याभराचे किरकोळ खर्च कोणालाच आठवत नाहीत आणि विसरले जातात ते मुख्यतः रोखीचे. म्हणून निवडलेल्या लोकांना एक किंवा काही दिवसांचा प्रत्येक व्यवहार लगेच लिहून ठेवायला सांगतात. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, कॅनडा, जर्मनी, नेदरलँड्स, फ्रान्स आणि अमेरिका या देशांच्या रोजनिश्या एकत्र ताडल्या, तेव्हा सवयी बऱ्याच वेगळ्या असूनही लहान रकमांना रोख हे सूत्र सर्वत्र सारखे निघाले. युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या पाहणीनुसार युरो क्षेत्रात प्रत्यक्ष विक्रीच्या जागी रोखीने झालेल्या व्यवहारांचे प्रमाण २०१९ मध्ये ७२ टक्के, २०२२ मध्ये ५९ टक्के आणि २०२४ मध्ये ५२ टक्के होते. रकमेच्या हिशेबाने मात्र २०२४ मध्ये रोखीचा वाटा ३९ टक्केच भरला. ‘रोख संपत चालली’ आणि ‘रोखच अजून पहिली’ अशी दोन्ही विधाने एकाच पाहणीच्या आधारे करता येतात, ती यामुळेच.

रोजनिश्यांतून आणखी एक गोष्ट पुढे आली. कार्ड जवळ असूनही पाकिटात पुरेशी रोकड असली, तर अनेकजण ती संपेपर्यंत आधी तीच खर्च करतात. फर्नांडो आल्व्हारेझ आणि फ्रान्चेस्को लिप्पी यांनी ‘रोकड हाताला चटके देते’ अशा आशयाने हे वर्तन सिद्धांतात बसवले. म्हणजे दुपारी कार्ड निघणार की नोट, हे सकाळी एटीएमला फेरी झाली होती का यावरही ठरते.

मानसशास्त्राच्या बाजूने सर्वाधिक चर्चा झाली ती ‘पैसे देण्याच्या वेदने’ची. नोट हातातून जाताना खर्च जाणवतो, कार्डावर तो पुढे ढकलला जातो. ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांसाठी क्रेडिट कार्डाने पैसे देणाऱ्या गटाने रोखवाल्यांच्या साधारण दुप्पट बोली लावली. हा दुप्पटचा आकडा तेव्हापासून जिथे तिथे फिरतो आहे आणि तो जपूनच वापरायला हवा. नंतरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतल्यावर परिणाम बराच लहान आणि काळाबरोबर ओसरत गेलेला दिसला. जर्मनीतल्या माहितीवरून उलट बाजूही दिसते. खर्चावर कडक नजर ठेवावी लागणारे लोक मुद्दाम रोख वापरतात, कारण किती उरले हे पाकीट उघडताच कळते. हे मागासलेपण नव्हे, ती हिशेबाची पद्धत आहे.

या साऱ्यात ग्राहकाला सहसा न दिसणारी बाब म्हणजे खर्च कोण उचलतो. कार्डाच्या प्रत्येक व्यवहारावर दुकानदार आपल्या बँकेला शुल्क देतो आणि त्यातला एक भाग, म्हणजे आंतरबँक शुल्क, कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. ग्राहकाला मिळणारे बक्षीस-गुण अंशतः याच पैशातून येतात. ज्याँ-शार्ल रोशे आणि ज्याँ तिरोल यांनी अशा ‘दुहेरी बाजारां’चा सिद्धांत मांडला : ग्राहक आणि दुकानदार या दोन्ही बाजू एकत्र याव्यात म्हणून एका बाजूला स्वस्ताई देऊन दुसरीकडून वसुली केली जाते. दुकानदार हे शुल्क सर्वांच्याच किमतींत मिसळतो, तेव्हा रोख देणाराही कार्डवाल्याच्या बक्षिसाला हातभार लावत असतो. युरोपीय संघाने २०१५ च्या नियमाने हे आंतरबँक शुल्क डेबिट कार्डासाठी ०.२ टक्के आणि क्रेडिट कार्डासाठी ०.३ टक्के इतके मर्यादित केले. भारताने जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावरचे व्यापारी शुल्क शून्यावर आणले. त्यामुळे दुकानदाराची नाराजी टळली, पण यंत्रणा चालवण्याचा खर्च कोणाच्या माथी, हा वाद उरलाच.

स्वीकारणारे नसतील, तर देणाऱ्याच्या आवडीला किंमत नाही. केनियात २००७ मध्ये सुरू झालेली एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सेवा बँक शाखांवर विसंबली नाही. रोख भरायला आणि काढायला तिने गावोगावी एजंट उभे केले. ब्राझीलची पिक्स ही तत्काळ हस्तांतरणाची यंत्रणा (नोव्हेंबर २०२०) मध्यवर्ती बँकेनेच चालवली आणि मोठ्या बँकांना तीत सामील होणे बंधनकारक केले.

सुरक्षिततेचा हिशेब साधनागणिक बदलतो. हरवलेली नोट गेलीच. अमेरिकेत क्रेडिट कार्डाच्या अनधिकृत वापरात ग्राहकाची कायदेशीर जबाबदारी ५० डॉलरपर्यंतच असते. डेबिट कार्डात कळवायला जितका उशीर होतो, तितकी ती वाढत जाते. तत्काळ हस्तांतरणात फसवला गेलेला माणूस स्वतःच पिन टाकतो, त्यामुळे व्यवहार ‘अनधिकृत’ ठरत नाही आणि पैसा परत मिळवणे अवघड जाते. ब्रिटनने ऑक्टोबर २०२४ पासून अशा फसवणुकीतही ८५,००० पौंडांपर्यंत भरपाई देणे बंधनकारक केले.

रोखीची गोपनीयता आणि वीज-नेटवर्कवाचून चालण्याची क्षमता हे गुण एरवी ग्राहकाच्या गणतीत नसतात. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगालमध्ये वीज गेली, तेव्हा अनेक ठिकाणी कार्ड यंत्रे बंद पडली आणि ज्यांच्याजवळ नोटा होत्या त्यांचीच खरेदी सुरू राहिली. नॉर्वेने त्याआधीच, १ ऑक्टोबर २०२४ पासून, दुकानांत रोखीने पैसे देण्याचा ग्राहकाचा हक्क कायद्याने बळकट केला होता.