कुमारवयाच्या कादंबरीतील निसर्गप्रतीके

बालपण ओसरून जाणतेपण येण्याची गोष्ट सांगणाऱ्या कथा-कादंबऱ्यांत झाडे, पाणी, प्राणी आणि ऋतू यांना मिळणारा दुहेरी अर्थ. ते मुलाच्या रोजच्या जगण्यातले खरेखुरे सोबती असतात आणि त्याच्या आत होणारा बदलही त्यांच्यातूनच दिसतो. पहिली गोष्ट पक्की नसेल तर दुसरी उभी राहत नाही. नुसते सूचक म्हणून आणलेले पान गळले काय नि न गळले काय, वाचकाला सारखेच.

मराठी वाचकाच्या मनात घर करून बसलेले उदाहरण भाषांतरातून आले. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांची 'द यरलिंग' (१९३८) ही कादंबरी राम पटवर्धनांनी 'पाडस' या नावाने मराठीत आणली. मूळ कादंबरीला १९३९ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले होते. फ्लॉरिडाच्या झुडपी रानात ज्योडी हा मुलगा आईवडिलांबरोबर राहतो. वडिलांना विषारी साप चावतो. ते तिथेच एका हरिणीला गोळी घालतात आणि तिचे काळीज जखमेवर लावून विष ओढून घेतात. आई गेलेले पाडस ज्योडी घरी आणतो. म्हणजे या लाडक्या सोबत्याचे येणेच एका हत्येच्या ऋणातून झालेले आहे. वर्षभरात ते वाढते आणि मक्याचे कोवळे कोंब खाऊ लागते. ज्योडी जिवाचे रान करून कुंपण उंच करतो, पण ते तेही ओलांडते. मका गेला तर घर उपाशी राहणार. आईची गोळी पाडसाला नुसती जखमी करते आणि शेवट ज्योडीलाच करावा लागतो. इथे निरागसता कुणी हिरावून घेत नाही. भूक आणि माया यांच्यात निवड करताना ती मुलाच्याच हातून सुटते. या कादंबरीचे खरे बळ मला इथे वाटते.

तिच्यातले सर्वांत हळवे प्रतीक मात्र पाडस नव्हे. पहिल्याच प्रकरणात, एप्रिलच्या उन्हात, ज्योडी झऱ्यावर दोन बेचक्या रोवून त्यांवर झावळीच्या पात्यांची छोटी पाणचक्की फिरती ठेवतो आणि तिच्याकडे बघताना त्याचे भान हरपते. अखेरीस तो त्याच जागी पुन्हा तशीच चक्की करतो. तीही फिरते, पण त्याला काही वाटत नाही. तो ती पायाने मोडून टाकतो. झरा होता तसाच वाहत असतो.

मराठीत भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला' (१९६३) या कादंबरीचे नावच कीटकाच्या कोशावरून आले आहे. कोशातून पाखरू बाहेर पडण्याचा सोपा दिलासा मात्र तिचा नायक पांडुरंग सांगवीकर याच्या वाट्याला येत नाही.

बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या 'पथेर पांचाली' (१९२९) या बंगाली कादंबरीत दुर्गा आणि अपू ही भावंडे वादळात पडलेले आंबे वेचतात, रानावनात भटकतात. आगगाडी बघायची दुर्गाची इच्छा मात्र राहून जाते. तापाने ती दगावते. गाव सोडताना अपूच्या हाती एक सोन्याची कुंकवाची डबी लागते. तिच्या चोरीचा आळ दुर्गावर आला होता आणि तो खरा होता, हे त्याला कळते. कुणाला न सांगता तो डबी बांबूच्या बनात फेकून देतो. सत्यजित राय यांनी १९५५ च्या चित्रपटात डबीच्या जागी हार घेतला आणि बनाच्या जागी तळे. हार पडतो तिथले शेवाळ क्षणभर बाजूला होते आणि पुन्हा मिटते.