सोनं कॅन्सरच्या पेशीत नेमकं कुठे घाव घालतं?

इंदूरमधल्या आमच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘सोन्याने कॅन्सर बरा होतो, शास्त्रज्ञांचा शोध, आजच सुवर्णभस्म सुरू करा.’ सोन्याच्या संयुगांवर संशोधन चालू आहे, एवढंच त्यात खरं आहे. पण ते सोनं वेगळं आणि भस्मातलं वेगळं.

सराफ्यात जुनं सोनं शुद्ध करायला तेजाबात टाकतात. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या त्या मिश्रणात तुकडा विरघळून पिवळं-नारिंगी पाणी उरतं. सोन्याच्या अणूने इलेक्ट्रॉन गमावलेले असतात. तो आता धातू नाही, आयन आहे. औषधातलं सोनंही आयनाच्याच रूपात असतं. भस्मात मुख्यतः धातूचेच बारीक कण असतात.

यातलं सर्वांत अभ्यासलेलं औषध म्हणजे ऑरानोफिन. अमेरिकेत 1985 साली ते संधिवातासाठी मंजूर झालं. त्याच्या रेणूत सोन्याचा एक अणू असतो, एका बाजूने फॉस्फरसला आणि दुसऱ्या बाजूने गंधकाला जोडलेला. शरीरात गेल्यावर सोनं गंधकाकडची जोडणी सहज सोडतं आणि दुसरा जोडीदार धरतं.

तो जोडीदार बहुतेकदा सेलेनियम असतो, आणि मला सगळ्यात भावते ती हीच गोष्ट. आपल्या पेशींत थायोरेडॉक्सिन रिडक्टेज नावाचं एन्झाइम असतं. त्याच्या साखळीच्या टोकाकडून दुसरं अमिनो आम्ल सेलेनोसिस्टीन. साध्या सिस्टीनमध्ये जिथे गंधक असतं, तिथे यात सेलेनियम. पेशीतल्या सामूला (पीएचला) सिस्टीनचा हायड्रोजन बहुतांशी जागेवर राहतो. सेलेनोसिस्टीनचा मात्र निघून जातो आणि सेलेनियमवर ऋण प्रभार उरतो. त्यात हे शेपूट लवचिक आणि उघडं. धन प्रभाराचं सोनं तिथे घट्ट चिकटतं आणि एन्झाइम बंद पडतं.

हे एन्झाइम एनएडीपीएच या इलेक्ट्रॉन पुरवणाऱ्या रेणूकडून इलेक्ट्रॉन घेऊन थायोरेडॉक्सिन या प्रथिनाला देतं, आणि त्यांच्या जोरावर हायड्रोजन पेरॉक्साइडचा निचरा होतो. कॅन्सरच्या अनेक पेशींत असे ऑक्सिडीकारक रेणू आधीच जास्त तयार होतात, म्हणून त्या या व्यवस्थेवर अधिक विसंबून असतात. ती थांबली की पेरॉक्साइड साचतं, मायटोकॉन्ड्रियाचं आवरण सैल होतं, सायटोक्रोम सी हे प्रथिन बाहेर पडतं आणि पेशी स्वतःचा मृत्यू ओढवून घेते. 1978 पासून वापरात असलेलं कॅन्सरवरचं प्लॅटिनमचं औषध सिस्प्लॅटिन प्रामुख्याने डीएनएवर घाव घालतं. म्हणूनच सिस्प्लॅटिनला न जुमानणाऱ्या काही पेशी प्रयोगशाळेत सोन्याच्या संयुगांनी मेल्या.

काचेच्या बशीत मेल्या म्हणजे रुग्णात मरतील असं नाही. त्या मेसेजवर विसंबून कुणी किमोथेरपी पुढे ढकलली, तर गाठ तेवढ्या दिवसांत वाढते. कॅन्सरवरचं औषध म्हणून सोन्याचं एकही संयुग अजून मंजूर झालेलं नाही. ऑरानोफिनने जुलाब होतात, पुरळ उठतं, लघवीतून प्रथिनं जातात. निरोगी पेशींतही हेच एन्झाइम असतं, आणि रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन आपल्या गंधकाने बरंचसं सोनं वाटेतच पकडतं. त्यामुळे रसायनशास्त्रज्ञ आता सोन्याला कार्बीन नावाच्या रेणूगटातल्या कार्बनशी बांधून बघताहेत. हा बंध मजबूत असल्याने सोनं वाटेत सहजी सुटत नाही.